वाकळेचं पंचांग

आमच्या घरात वाकळ शिवायला मुहूर्त लागत नसे, पण ऋतू लागे. होळी झाली, शेतातली कामं उरकली, ऊन चढू लागलं की आई माळ्यावरची बोचकी खाली काढायची. मृगाच्या आधी, तिच्या भाषेत ‘मिरगाच्या आत’, शेवटचा टाका पडलाच पाहिजे हा तिचा नियम होता. लहानपणी मला हा नियम म्हणजे आईचा एक हट्ट वाटे. पुढं मी चित्रकलेची शिक्षिका झाले, मुलांना रंगसंगती शिकवत सेवानिवृत्त झाले, आणि अगदी अलीकडं, तेही एका महापुरानंतर, त्या नियमामागचं शास्त्र मला कळलं. या लेखात ते शास्त्र मांडायचं आहे. पण ते कळायला जे घडलं तेही सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आई २०१६ मध्ये गेली. तिची बारा लुगडी मी पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. कुणाला द्यायची नाहीत, फाडायची नाहीत, वापरायची नाहीत. त्याच सुमारास माझं चित्र काढणंही थांबलं. कागद ताणून बोर्डावर लावायचा, ब्रश भिजवायचा आणि तसाच धुऊन ठेवायचा, असं तीन वर्षं चाललं. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतरणाऱ्या बाजूला. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. तिथं धोक्याची पातळी ४३ फुटांची. आम्ही निसटलो, पण पेटी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा सात लुगडी कुजली होती. पाच वाचली, पण प्रत्येकीवर गाळाची तपकिरी रेघ उमटली होती. कितीही धुतलं तरी ती गेली नाही.

वाकळ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं वाकळ म्हणतात. सीमेपलीकडं कन्नड मुलखात तीच कौदी होते. बाळासाठी मऊ, लहान केली की ते दुपटं. संस्कृतात ठिगळं लावलेल्या वस्त्राला कंथा म्हणत. बंगालातली ‘काँथा’ याच कुळातली. चिंध्यांचं पांघरूण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ आणि ‘चिंधेबुवा’ही म्हणत, हे अनेकांना ठाऊक असेल.

रचना साधी असते. खाली एक अखंड लुगडं, वर दुसरं, आणि मधे जुनेर. जुनेर हा शब्द आता कानावर पडत नाही. वापरून जीर्ण झालेलं, पण अजून कामाचं असलेलं कापड म्हणजे जुनेर. चिंधी आणि जुनेर यांत फरक आहे. चिंधी ही फाटून उरलेली असते, जुनेर वापरून मुरलेलं असतं. मधल्या थरांत धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, धडपे, बाळंत्याचे तुकडे असं काहीही चालतं. कॉलर, बटणपट्टी, शिवणीच्या जाड कडा मात्र आधी उसवून काढायच्या, कारण तिथं सुई अडते आणि झोपताना तो भाग टोचतो.

शिवण म्हणजे निव्वळ धावदोरा. वाकळ जमिनीवर अंथरायची, कडांवर दगड ठेवायचे आणि बायकांनी चहूबाजूंनी बसायचं. आमच्याकडं कडेपासून सुरुवात होते. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं करत चौकोन लहान होत मध्यावर येतो. इथं चौकट नाही, ताणायला यंत्र नाही. शिवणाऱ्यांच्या बसण्याचं वजनच कापड धरून ठेवतं. ओळी जवळजवळ पडतात, त्यामुळं दोन ओळींमधलं कापड किंचित फुगतं. वाकळेवरून हात फिरवल्यावर नांगरलेल्या रानासारख्या ज्या बारीक लाटा लागतात, त्या या फुगण्याच्या.

उन्हाळ्यातच का?

पहिलं कारण हातांचं. खरीप-रब्बी उरकून पुढच्या पेरणीपर्यंत जो काय उसंतीचा काळ असेल, तो हाच. चार बायका एका अंगणात दुपारभर बसू शकतील असे दिवस वर्षात फार नसतात.

दुसरं कारण जागेचं. वाकळ पसरायला सात-आठ फूट मोकळी, सपाट, कोरडी जमीन लागते. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात अशी जमीन घराबाहेर मिळत नाही आणि घरात गुरं, सरपण, माणसं सगळी दाटीनं असतात.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं, ते म्हणजे ओल. पाच-सात थरांच्या आत ओल अडकली तर ती बाहेरून कळत नाही आणि आतून बुरशी धरते. म्हणून जुनेर आधी धुऊन चैत्राच्या उन्हात कडक वाळवायचं, मगच थर लावायचे. शिवून झाल्यावरही दोन-तीन उन्हं दाखवायची. आईचं ‘मिरगाच्या आत’ हे याच्यासाठी होतं.

थर, हवा आणि ऊब

पातळ जुन्या कापडांचे थर एका जाड नव्या चादरीपेक्षा उबदार का लागतात? ऊब कापडात नसते, ती अडकलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. थरांमध्ये, टाक्यांच्या ओळींमधल्या फुगवट्यांत आणि जुन्या सुताच्या उसवलेल्या तंतूंत ही हवा बंदिस्त होते. शरीराची उष्णता तिच्यातून सहज निसटत नाही. टाके विरळ पडले तर आतले तुकडे सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात, फार दाट पडले तर हवेला जागा राहत नाही आणि वाकळ फळीसारखी होते. हा मधला अंदाज शिवणाऱ्या बाईच्या बोटांत असतो. ओल्या वाकळेत ऊब राहत नाही, कारण हवेची जागा पाणी घेतं आणि पाणी उष्णता झटकन पळवतं. पावसाळ्यात वाकळा चुलीच्या वरच्या दांडीवर टाकायचे ते त्यासाठीच. माझ्या बालपणीच्या पावसाला वाकळेतल्या धुराचा वास आहे.

जुनं सूत मऊ का होतं, हेही पाहण्यासारखं आहे. मागावर जाण्यापूर्वी ताण्याला खळ देतात. नव्या लुगड्याचा कडकपणा बराचसा तिचा. धुण्यागणिक खळ जाते, आखूड तंतू सुटतात, पीळ सैलावतो. शिवाय सुताचा एक गुण असा की ओलं असताना ते कोरड्यापेक्षा थोडं जास्तच मजबूत असतं, म्हणून नदीवरच्या धोंड्यावर आपटणं त्याला वर्षानुवर्षं सोसतं. सूत झिजतं, पण झिजताना अंगाला अधिकाधिक मानवतं. असं कापड आपल्या भागात मुबलक होतं. इलकलची लुगडी बाजारात येत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं ते गाव कापडाचंच झालं. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतकताई आणि विणकामाची गिरणी सुरू केली. नऊ वार म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. एक लुगडं आधी सणाचं, मग रोजचं, मग शेतातलं, मग धडपा, मग दुपटं किंवा वाकळ, आणि अगदी शेवटी चुलीपाशी भांडी उतरवायचं फडकं. एवढे जन्म एका कापडाला मिळत.

घटस्थापनेच्या आधी

वाकळेच्या पंचांगातला दुसरा मोठा दिवस नवरात्राच्या आधी येतो. भाद्रपद संपताना घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवसांत पंचगंगेचा घाट वाकळांनी भरून जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती प्रयाग चिखलीला मिळून जी नदी होते, तिच्या पायऱ्यांवर रंगीत चौकोनांचं जणू प्रदर्शनच लागतं. भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघांनी दोन टोकं धरून पिळायची असते. नवरा-बायको, सासू-सून, शेजारणी, ज्यांचं वर्षभर पटलं नसेल त्यांनाही त्या दिवशी समोरासमोर उभं राहून विरुद्ध दिशांना पीळ द्यावा लागतो.

यामागं स्वच्छतेचा विचार तर आहेच. चार महिन्यांची दमट हवा, धूर, घाम, पिसवा हे सगळं थंडी पडण्याआधी काढून टाकायचं. आश्विनातलं ऊन कडक असतं, वाकळ एका-दोन दिवसांत वाळते. नदीची आजची अवस्था पाहता हा रिवाज तसाच चालावा असं मी म्हणणार नाही. बादलीत किंवा गच्चीवर धुतलेली वाकळही तितकीच स्वच्छ होते. धुताना आणखी एक काम होतं. कुठं टाका सुटलाय, कुठं वरचं लुगडं विरलंय, ते दिसतं. तिथं ठिगळ लागतं. वरचा थर पार गेला तर जुन्या वाकळेवर नवं लुगडं चढवतात आणि तीच आतला थर होते. त्यामुळं वाकळेचं वय सांगणं अवघड असतं.

मावशीचा उन्हाळा

मार्च २०२० मध्ये आईची चुलत बहीण, म्हणजे माझी मावशी, कागल तालुक्यातल्या गावाहून दवाखान्याच्या कामासाठी दोन दिवस आमच्याकडं आली. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. मावशी पूर्ण उन्हाळा अडकली. आठवड्याभरात तिनं घरातली सगळी कपाटं आवरली आणि पेटीपाशी येऊन थांबली.

“ही का ठिवल्यास?”

“आईची आठवण.”

“आठवण? आगं, घडी घालून ठिवलीस म्हणून गेली की ती सात. अंगावर आसती तर तुज्यासंगं बाहीर आली आसती.”

मी रागावले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच पेटी उघडली.

पाचही लुगडी उन्हात वाळवली. मी वही काढली आणि वाकळेचा आराखडा रेखाटायला बसले. मधे हिरवा चौकोन, भोवती लाल पट्ट्या, चार कोपरे सारखे. तीन वर्षांत मी पहिल्यांदाच काही रेखाटत होते. मावशीनं वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “तू आधी चित्तर बघतीस आणि मग कापड फाडतीस. आधी कापड बघ. ते किती उरलंय, कुठं विरलंय, त्येच सांगतंय कुठं लावायचं.”

चाळीस वर्षं मी मुलांना आधी कच्चं रेखाटन, मग रंग असं शिकवलं होतं. मावशीची रीत उलटी होती. काठ सर्वांत शेवटी झिजतो, म्हणून तो वाकळेच्या कडेला, जिथं ओढाताण जास्त असते तिथं. पदर कमी वापरात येतो, म्हणून तो तोंडाकडच्या बाजूला. मांडीवरचा भाग सर्वांत आधी विरतो, तो आत. म्हणजे वाकळेवरची नक्षी ही नुसती आवड नसते. आई कशी बसायची, कुठं हात पुसायची, कुठल्या खांद्यावर पाटी घ्यायची, याचा तो नकाशाच असतो. गाळाची रेघ मी आत लपवायला निघाले तेव्हा मावशीनं तो तुकडा काढून वरच ठेवला. “तिथलं कापड घट्ट हाय,” एवढंच तिचं कारण.

हीच रीत इतरत्र

पुढं मी यावर वाचू लागले तेव्हा मावशीच्या बहिणी जगभर सापडल्या. बंगालात काँथासाठी जुन्या साडीच्या काठातूनच रंगीत दोरा उसवून काढत आणि त्यानंच नक्षी भरत. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात त्या ‘कवंद’ला चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. ती नसली तर कवंद उघडी वाटते असं त्या मानतात. जपानच्या थंड ईशान्य भागात शेतकरी कुटुंबांनी ठिगळावर ठिगळ चढवत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीत, गुलामांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये मांडल्या गेल्या, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली.

या सगळ्या ठिकाणी मूळ कारण टंचाई होतं, हे विसरता कामा नये. वाकळ शिवणारीला पर्याय नव्हता. तिच्या दुपारीचे पैसे कुणी मोजले नाहीत. आज शहरातल्या दुकानात ‘हातानं शिवलेली गोधडी’ पाहताना मी आधी विचारते, शिवणारीला यातले किती मिळाले? उत्तर बहुधा मिळत नाही.

खरी कॉर्नरचा कॅमेरा

कोल्हापुरात जुन्यातून नवं घडवण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र कापडाची नाही, यंत्राची आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमानं झपाटलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो उलगडून कॅमेरा बनवण्याच्या मागं लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं काम पुढं नेलं, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

प्रोजेक्टरपासून कॅमेरा कसा होतो? दोघांचा गाभा एकच. फिल्म सलग पळून चालत नाही. एकेक चौकट क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडली पाहिजे, मग फिल्म पुढं सरकली पाहिजे. प्रोजेक्टरमध्ये त्या क्षणी प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. १८९५ चं ल्युमिए बंधूंचं यंत्र तर एकाच वेळी कॅमेराही होतं आणि प्रोजेक्टरही. हे नातं ओळखायचं तर प्रोजेक्टर खोलावा लागतो, म्हणजे प्रोजेक्टर म्हणून त्याचं आयुष्य संपवावं लागतं. मावशीनं पहिलं लुगडं दातानं काठ तोडून टर्रकन फाडलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पण जपून ठेवलेलं लुगडं लुगडंच राहतं, आणि ते नेसणारी तर उरलेली नसते.

न झिजणारं कापड

वाकळ कमी होण्याचं कारण म्हणून लोक ब्लँकेट आणि फोमच्या गादीकडं बोट दाखवतात. माझ्या मते खरं कारण जुनेर संपलं हे आहे. १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिस्टरचा धागा निघाला. त्यातून टेरिलीन, आणि सुताशी मिसळून टेरिकॉट आलं. धुवायला सोपं, इस्त्री नको, वर्षानुवर्षं टिकाऊ. बायकांचे कष्ट वाचले, त्यात वाईट काही नाही. पण हे कापड घाम टिपत नाही, सुईखाली घसरतं, थरात स्थिर बसत नाही, आणि मुख्य म्हणजे म्हातारं होत नाही. ते एक तर नवं असतं, नाही तर टाकाऊ. मधली मुरण्याची अवस्थाच त्याला नाही, त्यामुळं पुढचा जन्मही नाही. आज यंत्रावर शिवलेल्या गोधड्या शिंप्याकडच्या कोऱ्या तुकड्यांच्या असतात. दिसायला सुबक, पण त्यांत कुणाचं बसणं-उठणं नसतं.

ज्यांना वाकळ करून पाहायची आहे त्यांनी म्हणून कपाटातलं सूत आधी वेगळं काढावं. बारीक दोरा जाळून पाहिला तर ओळखता येतं. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. दिवाळीच्या आवराआवरीत काढलेलं चैत्रापर्यंत धुऊन ठेवावं. घाई करू नये.

आमची वाकळ २०२० च्या मे अखेरीस, मिरगाच्या आत, पुरी झाली. मावशी जूनमध्ये गावी गेली. मी ती रोज वापरू लागले. रात्री झोप लागेना तेव्हा टाक्यांच्या ओळी बोटानं मोजायची, आणि एके सकाळी त्याच ओळी कागदावर पेन्सिलीनं काढून पाहिल्या. नुसत्या तुटक रेघा. त्या वर्षी मी तेवढंच काढत राहिले. रंग पुढच्या हिवाळ्यात आले.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली. रात्री घर सोडायला सांगितलं. अंगावर होती ती वाकळ तशीच डोक्यावर घेऊन मी बाहेर पडले. पेटी या वेळीही खालीच राहिली, पण ती रिकामी होती. पुनर्वसनाच्या शाळेत दहा दिवस त्या वाकळेवर मी आणि शेजारची दोन पोरं झोपलो. पोरांनी तिच्यावर चहा सांडला. तो डाग अजून आहे, गाळाच्या रेघेशेजारीच.

यंदा घटस्थापनेआधी ती धुतली. मावशीचं वय झालंय, दुसरं टोक धरायला मी शेजारच्या सुनेला बोलावलं. पिळताना वरचं हिरवं लुगडं मधोमध विरलेलं दिसलं. आता तिथं ठिगळ लागणार. माझ्या दोन सुती साड्या मी काढून ठेवल्यात. अजून त्या जरा नव्या आहेत. चैत्रापर्यंत नेसून घेते.